आयत्या वेळचे विषय

शेठ बंद गाडीत धापा टाकतोय हे दिसलं, तेव्हा भावींनी आधी फायदा मोजला.

शेठ म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षबाईंचा चपट्या नाकाचा, गोल पोटाचा कुत्रा. आणि भावी म्हणजे उपाध्यक्ष. इतकी वर्षं ते ‘भावी अध्यक्ष’ होते की लोकांनी पुढचा शब्द गाळून टाकला होता. आज वार्षिक सभा होती आणि सभेच्या शेवटी निवडणूक. बाई शेठला डॉक्टरकडून इंजेक्शन देववून थेट सभेला आल्या होत्या. सभागृहात कुत्र्यांना बंदी होती. तो ठराव मागच्या खेपेला बाईंनीच मतांसाठी आणला होता.

आत सचिव मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते, म्हणून भावी रिवाजाप्रमाणे सिगरेट ओढायला बाहेर आले होते. पटांगणात ऊन मी म्हणत होतं. काळी गाडी, काच दोन बोटं खाली. शेठची जीभ लोंबत होती आणि काचेवर लाळेचे ओघळ सुकत चालले होते. भावींनी टपाला बोट लावलं आणि चटका बसताच मागे घेतलं.

आत जाऊन बाईंच्या कानात सांगितलं तर काय होणार? बाई ‘थँक्यू हं’ म्हणणार, धावत येणार, शेठला घरी सोडणार. संपलं. पुण्य मिळालं असतं. पण पुण्य मतपेटीत चालत नाही. उलट हेच मतदानाच्या तोंडावर, सगळ्या सभासदांच्या देखत झालं तर? एकीकडे मुक्या जिवाला होरपळत ठेवणारी बाई, दुसरीकडे काच फोडून त्याला वाचवणारा बाप्या. मग प्रचार करायला जीभही उचलावी लागणार नव्हती.

भावी नियम सोडून बोलणारे नव्हेत. विषयपत्रिकेवर मतदानाच्या अगदी आधी ‘आयत्या वेळचे विषय’ होते. शेठ तिथे चपखल बसत होता. त्यांनी कुंपणाजवळचा एक धोंडा हेरला, गाडीच्या चाकाआड नीट ठेवला आणि आत येऊन बसले.

राक्षस नव्हते हो ते. मनातल्या मनात शेठला म्हणतच होते, ‘थोडी कळ काढ बाबा.’ पण सभा ती सभा. आधी जमाखर्चावरून जुंपली. मग गळक्या टाकीवरून वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांवर धावून गेले. मग लिफ्ट.

“आवरा हो खजिनदार!” भावी दोनदा ओरडले.

कधी नव्हे ती घाई पाहून बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. “अहो, मुंग्या चावतायत का?”

“गप बस. आज अध्यक्षीणबाई होशील.”

“लग्नापासून होतेच आहे,” ती म्हणाली.

एकदाचे आयत्या वेळचे विषय आले. भावी उभे राहिले. आवाजात त्यांनी कंप आणला. तो बरा साधला.

“बंधू-भगिनींनो, आपण इथे पंख्याखाली बसलोय, आणि बाहेर अध्यक्षबाईंच्या गाडीत एक मुका जीव भाजून निघतोय!”

खुर्च्या करकरल्या. अख्खी सभा पटांगणात धावली. बाई सर्वांत पुढे, चपला दारातच टाकून. तोवर भावींच्या हातात धोंडा आला होता.

“अहो, किल्ली आहे माझ्याकडे!”

“आता किल्लीला वेळ नाही, बाई!”

काच फुटली. कुणीतरी व्हिडिओ काढत होतंच. भावींनी शेठला बाहेर काढलं, तर तो ओल्या पोत्यासारखा त्यांच्या हातांवर लोंबला. तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी त्याला सावलीत घेतलं, पायांवर, पोटावर पाणी ओतलं, छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान हलवली.

अध्यक्षबाई मटकन खाली बसल्या. भावींनाही वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. वाचलेला कुत्रा जास्त उपयोगी पडला असता. पण व्हिडिओ अजून चालू होता.

“मी माझ्याकडून शर्थ केली,” ते म्हणाले. “सगळ्यांत आधी मीच पाहिलं त्याला. इतिवृत्त चालू होतं ना, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं.”

“इतिवृत्त?” बायको हळूच म्हणाली. “अहो, तो तर पहिला विषय.”

सगळ्यांनी मनातल्या मनात विषयपत्रिका उलगडली. जमाखर्च. टाकी. लिफ्ट. अध्यक्षबाईंनी मान वर केली.

“म्हणजे तुम्ही त्याला बघून आत येऊन बसलात?”

“मी बसलो!” भावी उसळले. “आणि तुम्ही? घर समोर दिसतंय. त्याला वर सोडून यायला काय धाड भरली होती?”

“सोडून यायला गेले असते, तर तेवढ्यात खुर्चीत तुम्ही बसला असतात!”

बोलून गेल्यावर बाईंनी तोंडावर हात ठेवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं होतं.

सभा पुन्हा भरली. दुखवट्याचा ठराव भावींनी मांडला, तो टाळ्या न वाजवता मंजूर झाला. मग मतदान. जिचा कुत्रा गेला तिला मत नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून बाई पुन्हा अध्यक्ष झाल्या. उपाध्यक्षपदाला दुसरं कुणी उभंच नव्हतं, म्हणून भावी भावीच राहिले. फुटलेली काच सोसायटीने भरून द्यायची ठरली. थोडक्यात, कुणाचंच काही गेलं नाही. दोघांच्या खुर्च्यांची किंमत त्याने मोजली, ज्याला मतदानाचा अधिकार नव्हता.