पहिली करंडी

कोलोमानं करंडीत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. सुक्या अंजिरांत हात असा जात नाही. तिनं तो बाहेर काढला. बोटांना तपकिरी लगदा चिकटला होता आणि लगद्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"शी! हा माल आहे की उकिरडा?"

जहाजाच्या पोटात नाक देववत नव्हतं. तीनशे करंड्या आंबून फुगल्या होत्या. गुळचट, आंबूस वास. खालच्या रांगेची बुडं सुटली होती आणि साचलेल्या काळ्या पाण्यात अंजिरं तरंगत होती, मेलेल्या उंदरांच्या शेजारी. दर्यावरचे तंटे सोडवणाऱ्या पंचांनी धाडलेला कारकून नाकाला रुमाल लावून शिडीवरच उभा राहिला. कोलोमाला त्याचीही किळस आली. पुरुषासारखा पुरुष, आणि चार पायऱ्या उतरवत नाहीत.

दोन महिने तिनं ही अंजिरं उन्हात घातली होती. एकेक हातानं उलटं केलं, किडकं ते डुकरांना टाकलं. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला जहाज मायोर्काहून जिनोआला निघालं आणि आज सकाळी मोडकी डोलकाठी घेऊन परत आलं. जिनोआ दिसलंच नाही. वाटेत वादळानं गाठलं, जहाज ओझ्यानं खाली बसलं, लाटा वरून आत शिरल्या. शंभर करंड्या वेळेवर दर्यात टाकल्या असत्या तर जहाज उचललं असतं आणि उरलेला माल कोरडा राहिला असता. पण एकही टाकली नव्हती.

का टाकली नाही, एवढाच वाद होता. रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. जहाज हलकं करायचं तर नाखव्यानं मालाच्या धन्याला विचारायचं आणि पहिला नग धन्यानं स्वतःच्या हातानं टाकायचा. त्याआधी खलाशी बोट लावत नाही. या फेरीला धनी म्हणून कोलोमाचा मुलगा गिलेम जहाजावर होता. "नाखव्यानं मला विचारलंच नाही," असं तो सकाळी घरी येऊन म्हणाला. तेवढं त्यानं शपथेवर सांगितलं की नाखवा उगेत दोषी आणि त्याचं जहाज जप्त.

"तीनदा विचारलं," उगेत म्हणाला. तो करंड्यांना टेकून उभा होता. दाढीत मीठ, डोळे लाल.

"हो का? आणि माझा मुलगा बहिरा?" कोलोमानं नाक मुरडलं. "तुझ्या तोंडाला या घाणीपेक्षा जास्त वास येतो, उगेत. खोटं बोललं की येतो."

"तुमची जीभ मिठात घालून ठेवा, कोलोमाबाई. दुष्काळात लोणच्याला होईल."

वरून वाकून बघणारे खलाशी फिदीफिदी हसले.

"हसा, हसा! एवढी भीती होती तर तूच का नाही टाकलीस पहिली?"

"आणि चोर ठरू? तुम्हीच धक्क्यावर उभ्या राहून बोंबलला असता."

"तुझा भाऊ कुठंय? जाउमेला बोलव. त्या घरात तोच एक सरळ आहे."

हसू थांबलं. वरून एक खलाशी म्हणाला, "जाउमेला दर्यानं नेलं, बाई. वादळाच्या दुसऱ्या दिवशी. कठड्यापाशी उभा होता, धाकट्या धन्याच्या हुकमाची वाट बघत."

कोलोमानं छातीवर क्रूस काढला. गिलेमनं घरी हे सांगितलं नव्हतं. पण ती मागं हटली नाही. "देव त्याला शांती देवो. भाऊ गेला म्हणून तू सुटत नाहीस, नाखव्या. गिलेम, ये खाली. ठेव हात आणि बोल."

गिलेम उतरला. तीस वर्षांचा धिप्पाड गडी. कारकुनानं शिडीवरूनच बायबल पुढं धरलं. गिलेमनं त्यावर हात ठेवला, दोन श्वास घेतले, आणि वळून भडाभडा ओकला.

"अरे शेळपटा! तोंड पूस. बोल, तुला विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," गिलेम म्हणाला. "तीनदा."

कारकुनाच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

"मी करंड्यांवर आडवा पडलो होतो, आई. जाउमे माझे पाय धरून सांगत होता, धनी, एक टाका, एकच, बाकीचं आम्ही बघतो. मी त्याला लाथ मारली. तो उठून कठड्यापाशी गेला."

"का पण? मरायचं होतं का तुला, मूर्खा?"

गिलेमनं बाहीनं ओठ पुसले. "निघताना तू काय म्हणालीस? एक करंडी कमी भरली तर तोंड दाखवू नकोस, म्हणालीस. दर्या निदान एकदाच मारतो, आई."

कोलोमानं कारकुनाकडे पाहिलं, उगेतकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. तोंडात शिवी तयार होती, पण ती कुणाला द्यावी ते कळेना.

कारकून खाकरला. "मग बाई, दोष कुणाचा लिहू? वादळाचा, नाखव्याचा, की तुमच्या मुलाचा?"

"तिघांचाही नको," कोलोमा म्हणाली. "लिही, नास घरूनच चढला होता जहाजावर."