सासूचं पोलकं

ब्याऐंशी साली सासऱ्यांच्या गिरणीत संप चालू होता. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला आयव्हीने वाकोल्याच्या सासरी सगळ्यांना घरीच शिवून भेटी दिल्या. नवऱ्याला रुमाल, सासऱ्यांना तंबाखूची चंची आणि सासूला काटपिसाचं पोलकं.

सासू मालनबाई या लग्नाला गेल्याच नव्हत्या. त्यांनी पोलकं दोन बोटांनी उचललं.

"माझं माप कोणी दिलं तुला?"

"अंदाजाने शिवलं, आई."

"अंदाजाचं मी अंगाला लावत नाय. आणि आमच्यात हा सण पण नाय."

"घालून तरी बघ गं," सासरे म्हणाले.

मालनबाई मोरीचा पडदा ओढून आत गेल्या. त्यांचा डावा दंड उजव्यापेक्षा जाड होता. नाक्यावरच्या शिंप्याला दर वेळी बजावूनही ती बाही काचायचीच. ही काचली नाही. गळा, खांदे, सगळं जिथल्या तिथे बसलं. इतकं नेमकं पोलकं त्यांना आयुष्यात कोणी शिवून दिलं नव्हतं.



मग त्यांनी ते काढलं, काखेतली शिवण दातांनी हळूच उसवली आणि बाहेर येऊन सुनेच्या पुढ्यात टाकत म्हणाल्या, "बसत नाय."