कोऱ्या कागदाचा खटला

“रडू आलं तर आवरू नका, मावशी,” तैसिया म्हणाली. “ही माणसं दिवसभर अहवाल वाचतात. समोर कुणी रडलं की ते लक्षात राहतं त्यांच्या.”

“मला हल्ली रडूच येत नाही गं,” यादविहामावशी म्हणाल्या.

स्टॉकहोमला, स्वीडनच्या परराष्ट्र खात्यात, बाहेरच्या खोलीत दोघी बसल्या होत्या. मावशींच्या मांडीवर कापडी पिशवी होती. इथे सगळं महाग म्हणून त्यांनी काळा पाव आणि डुकराची खारवलेली चरबी विल्नियसहूनच बांधून आणली होती. दोनदा त्यांनी तैसियाला तुकडा देऊ केला. तिने नको म्हटलं.

तैसिया बेलारूसमध्ये, मिन्स्कच्या शाळेत संगीत शिकवायची. सरकारविरोधी मोर्चात फुलं घेऊन उभी राहिली म्हणून नोकरी गेली, मग पोलीस घरी येऊ लागले आणि एक दिवस ती सीमा ओलांडून लिथुआनियात, विल्नियसला आली. तेव्हापासून तिचं एकच काम. बेलारूसच्या तुरुंगात कोण आहे, कशासाठी आहे, हे परक्या देशांच्या दारोदार जाऊन सांगायचं. कॉफी सगळीकडे मिळायची. सहानुभूतीही मिळायची. पुढे गाडी सरकायची नाही. एवढं मात्र तिला कळलं होतं, की आपण बोललो तर लोक घड्याळ बघतात आणि कैद्याची आई बोलली तर बघत नाहीत.

मावशी तिला विल्नियसच्या चर्चच्या तळघरात भेटल्या. दर रविवारी तिथे कैद्यांच्या घरचे जमायचे. कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही, असा तिथला रिवाज होता. नाव फुटलं तर मागे राहिलेल्यांचे हाल. मावशी बहिणीला भेटायला म्हणून सीमेपलीकडून आल्या होत्या आणि शेवटच्या बाकावर गप्प बसल्या होत्या.

“मुलगा?” तैसियाने शेजारी बसत विचारलं होतं.

“मुलगा,” मावशी म्हणाल्या.

“भेट होते?”

“हिवाळ्यापासून नाही.”

पुढचं तिने विचारलं नाही. मावशी मात्र आपणहून खटल्याचं सांगू लागल्या. त्यांच्या गावच्या चौकात तीन माणसं निषेध म्हणून कोरा कागद हातात धरून उभी राहिली होती. बसचा ड्रायव्हर रिहोर, दातांची डॉक्टर आल्योना आणि कॉलेजातला तिमोख. कागदावर एक अक्षर नव्हतं. तिघांनाही चार-चार वर्षांची शिक्षा झाली. मावशी रोज कोर्टात जाऊन बसत. कुठला पोलीस पढवल्यासारखा बोलला, वकिलाला कितीदा मध्येच थांबवलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. अशी साक्षीदार तैसियाला आजवर मिळाली नव्हती.

दार उघडलं. खात्यातल्या अधिकारी गुनिलाबाईंनी दोघींना आत घेतलं. पन्नाशीच्या, सडसडीत, कामापुरतं बोलणाऱ्या बाई. तैसिया त्यांच्याकडे तिसऱ्यांदा आली होती.

मावशी बोलत होत्या, तैसिया इंग्रजीत सांगत होती.

“आल्योनाला खोकला होता. बसू का म्हणाली, तर नाही म्हणाले. तिमोखचा चष्मा काढून घेतला होता. आपल्याशी कोण बोलतंय तेही त्याला धड दिसत नव्हतं.”

“आणि तुमचा मुलगा?” गुनिलाबाईंनी विचारलं.

मावशी खिडकीकडे बघत म्हणाल्या, “त्याने एकदाही मान वर केली नाही. मी समोरच बसलेली. मला वाटायचं, एकदा तरी बघेल. लहानपणी खोटं बोलला की असाच खाली बघायचा.”

गुनिलाबाईंनी पेन खाली ठेवलं. तैसियाला वाटलं, झालं काम.

“ज्यांनी या शिक्षा दिल्या, त्यांना आमच्या देशात पाऊल टाकता येऊ नये, इथला त्यांचा पैसा गोठवावा, असा प्रस्ताव आम्ही मांडू शकतो,” बाई म्हणाल्या. “बाकीचे देशही मग मागे येतील. पण ऐकीव गोष्टीवर ते होत नाही. कोर्टात हजर असलेलं कुणीतरी स्वतःच्या नावानिशी साक्ष द्यायला हवं. आजवर एकही जण तयार झालेला नाही.”

तैसियाने ते मावशींना सांगितलं आणि स्वतःहून पुढे जोडलं, “नाव दिलंत तर परत जाता येणार नाही, मावशी. घर गेलं समजा. आणि मुलाला तिथे काय भोगावं लागेल, तेही बघा. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.”

“कोंबड्या शेजारणीकडे दिल्यात,” मावशी म्हणाल्या. “निघताना तिला म्हटलं, तुझ्याच समज.”

“म्हणजे ठरवूनच आलात?”

“आईनं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? विचार म्हणावं काय विचारायचं ते.”

गुनिलाबाईंनी पेन उचललं. “शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं नाव?”

“स्तानिस्लाव्ह हलुबोविच.” मावशींनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

“साक्षीदाराचं पूर्ण नाव, आणि खटल्यातल्या कुणाशी नातं?”

तैसियाने प्रश्न मावशींना सांगितला. नातं तर तिला ठाऊकच होतं, कैद्याची आई. ते इंग्रजीत सांगायला तिने तोंडही उघडलं होतं.

“यादविहा हलुबोविच,” मावशी म्हणाल्या. “न्यायाधीशाची आई.”