मारितच्या पदवीचा भाव

"अडतीस हजार युरो," बास्टियानकाका म्हणाले आणि केकचा तुकडा तोंडात टाकला. "एवढ्यात मालवाहू गाडी आली असती. जुनी नव्हे, कोरी करकरीत."

मारितच्या वडिलांचा, लेंडर्टचा, साठावा वाढदिवस होता. डच रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या. येणारा पाहुणा आधी लेंडर्टचं अभिनंदन करायचा, मग त्यांच्या मुलीचं, भावाचं, शेजारणीचं, म्हणजे त्यांच्या जन्मात ज्यांचा काडीचाही हात नव्हता अशा सगळ्यांचं, आणि मगच खुर्चीत टेकायचा. कॉफीबरोबर केकचा एक तुकडा. दुसरा मागायची पद्धत नाही. त्यामुळे तोंडं लवकर रिकामी होतात आणि कुणाच्या तरी पदवीचा विषय निघतो.

पदवी घरात एकच होती. मारितने हेगमध्ये राहून सुरक्षा-अभ्यासात एम.ए. केलं होतं. काका पेशाने हिशेबनीस. दर वाढदिवसाला ते त्या पदवीचा ताळेबंद मांडत: फी, खोलीचं भाडं, शिकण्याच्या नादात बुडालेला पगार. यंदा त्यांनी व्याजही धरलं. एवढी सुरक्षा शिकलीस, तर बापाच्या मिरच्यांच्या काचघराला कुलूप तरी नीट लावतेस का, असंही विचारून झालं. शेजारीणबाई हसल्या. त्या दर वर्षी याच ठिकाणी हसत.

एरवी अशा वेळी मारितचे कान तापायचे आणि लेंडर्ट मध्ये पडायचे. शिक्षण काय गाडीच्या भावाने मोजतोस का, म्हणून भावाला झापायचे. अख्ख्या गोतावळ्यात त्या पदवीची बाजू घेणारा हा एकच माणूस. खोलीचं भाडं त्यांनीच भरलं होतं. परीक्षा झाल्यावर नोकरी मिळेना, तेव्हाही एका शब्दाने बोलले नाहीत. घाई कसली, म्हणाले, घरी ये, काही मिळेपर्यंत मिरच्या तोड. तेव्हापासून मारित त्यांच्या काचघरात ढोबळ्या मिरच्या तोडत होती. आई गेल्यापासून घरात दोघंच. पगाराचा विषय बापलेकीत कधी निघाला नाही.

यंदा मात्र ती काकांच्या व्याजावरही गोड हसली.

त्याला कारण होतं. गुरुवारी तिला गुप्तवार्ता खात्यातून फोन आला होता. निवड झाली होती. सोमवारची छाननी तेवढी उरली होती. अट अशी, की घरातल्या एका माणसाखेरीज कुणाला काही कळता कामा नये. कळलं तर अर्ज बाद. छाननीत पहिला प्रश्नच तो असतो: कुणाकुणाला माहीत आहे? तिथे खोटं पचत नाही, आणि मारितला ते बोलताही येत नव्हतं. तो एक माणूस कोण, याचा तिला विचार करावा लागला नाही. मिरच्यांच्या रांगांमध्ये, पंख्यांच्या घरघरीत, तिने बाबांच्या कानात सांगितलं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"तर मग सांग ना, पोरी," काका म्हणाले. "आजच्या बाजारात या पदवीला भाव काय?"

उत्तर एका वाक्याचं होतं. मारितने ते कॉफीबरोबर गिळलं.

लेंडर्ट कॉफीची किटली घेऊन गोलाच्या मधोमध उभे होते.

"तिला गुप्तवार्ता खात्याने घेतलंय, बास्टियान," ते सावकाश म्हणाले. "पगार तुझ्यापेक्षा जास्त."

मग काका उठले. पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी मारितचं अभिनंदन केलं, मग लेंडर्टचं, मग स्वतःच्या बायकोचं. तेवढ्यात सगळेच उठले होते. शेजारीणबाईंचंही अभिनंदन झालं, कारण खात्यात लागलेल्या मुलीच्या कुंपणापलीकडे त्या राहत होत्या. आत्याने कॅनडातल्या लेकाला कळवून टाकलं, आणि त्याचं उलट अभिनंदन आलं ते सर्वांना वाचून दाखवलं. सरकारी गुपित गोलात दोनदा फिरून आलं. मारित उभी राहून हात पुढे करत होती, स्मशानाच्या दाराशी सांत्वन घेताना करतात तसा.

पाहुणे गेले. लेंडर्ट कप धुऊन देत होते, ती पुसत होती. बाबांवर चिडावं असं तिला फार वाटत होतं. पण साठी गाठलेला माणूस, वर्षानुवर्षं भावाचे टोमणे ऐकलेले, आणि एक दिवस लेकीच्या अभिमानाने ऊर भरून आला, तर त्याच्यावर चिडणार कसं? सोमवारी खात्यात खरं काय ते सांगायचं आणि बाबांना मात्र काही बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

"जाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "काका टोचत राहिले, म्हणून तुझ्या तोंडून निसटलं. कळतंय मला."

लेंडर्टनी नळ बंद केला.

"निसटलं नाही," ते म्हणाले. "या पदवीला कुठेच भाव नाही, पोरगी मुकाट काचघरात परत येईल, असं बास्टियानने मला तू हेगला निघण्याआधीच हिशेब करून दाखवलं होतं. म्हणून तर मी तुला शिकू दिलं."