भागीदारीचा कौल

होडी विकून बाबलीनं मेव्हण्याबरोबर अर्ध्यात जागा घेतली, होमस्टे काढायला. करार लेखी करूया म्हटलं तर सुशांत गळ्यातच पडला. "भावोजी, माझ्यार इस्वास नाय?" झालं, बाबली विरघळला. सातबारा आला, तर त्यावर एकट्या सुशांतचं नाव!

बाबली तणतणत देवळात गेला. त्याला कोर्टात खेचू का, हा कौल घ्यायचा होता. उजवं फूल पडलं की देवाचा होकार, डावं पडलं की नकार.

"गुरवानू, गाऱ्हाणा घाला. सुशांतान माका फसवल्यान!"

गुरव चुळबुळत म्हणाला, "बाबल्या, जागा घेवच्या आधीच तो हय कौल लावन गेलो. भावोजीचा नाव गाळू काय, म्हणान इचारल्यान."

"मगे?"



"देवान उजवा दिल्यान."