विलायती तेल

माझ्या धाकट्या भावाचं, दादूचं, बारसं झालं ते साल १९३४. त्या बाळंतपणानंतर आईला दिवेलागणीपासून काही दिसेनासं झालं. रत्नागिरीचे डॉक्टर बाबांना म्हणाले, "धाकू, हे रातांधळेपण. अंगात जीवनसत्त्व कमी पडलंय. मुंबईहून विलायती तेलाची बाटली मागव आणि हिला रोज चमचाभर पाज."

पावसाळा होता, आगबोटी बंद होत्या. बाटलीची वाट बघत बाबा दरवर्षीसारखं, ओढून ठेवलेल्या होडीला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळत बसायचे.

आई नाकाला पदर लावून म्हणायची, "होडीचे लाड बघा! मला कधी इतकं माखलंत?"

"तुझं तेल विलायतेहून येतंय, राणीसाहेब. होडीला आपलं हे घाणेरडंच बरं."

भाद्रपदात पहिल्या आगबोटीने बाटली आली. बाबांनी बूच काढलं, वास घेतला आणि होडीकडे बघत तसेच उभे राहिले. वास तोच होता.



आई नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला पाणी काढताना विहिरीत पडून वारली होती.