नुसत्या टाळ्या

"शास्त्रीबुवा, शाल्मली आज 'कमळा'ला सहा वेळा चुकली," टॅब माझ्यासमोर ठेवत बालवाडीच्या मृदुलाबाई म्हणाल्या. "हिला पुढच्या वर्गात कशी पाठवू?"

मन खिन्न झाले. पाठशाळेत पन्नास वर्षे शिकवत आलेला माझा आवाज मी अक्षरओळखीच्या त्या ऑनलाइन खेळाला दिला होता. पूर्वी चुकले की त्यात कर्कश भोंगा वाजे आणि शाल्मली टॅब पालथा घाली. भोंगा काढवून त्या जागी मी माझे शब्द ध्वनिमुद्रित केले : "असू दे बाळ, पुन्हा नीट पाहा." बरोबर उत्तराला मात्र आधीच्या टाळ्याच राहू दिल्या.

शाल्मलीला जवळ बसवले. पडद्यावर कमळ उमलले. तिचे बोट 'क'वर गेले, क्षणभर थांबले आणि शेजारच्या 'ब'वर टेकले. माझा आवाज उमटला. ती खुदकन हसली.

"'क' ठाऊक होता ना तुला?"

"हो. पण बरोबर आलं की नुसत्या टाळ्या वाजतात. चुकलं की तुम्ही बोलता, आजोबा!"

मृदुलाबाईंनी कपाळाला हात लावला. मी त्याच दुपारी पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसलो आणि प्रत्येक योग्य अक्षरामागे एका गोष्टीचे एकेक वाक्य सांगितले.

दुसऱ्या दिवशी शाल्मली एकदाही चुकली नाही. वर्ग सुटला, तरी ती जागची हलेना.

"बाई, आणखी अक्षरं द्या ना! कोल्हा अजून विहिरीतच आहे."